दूरचे चाकरमानी

घाटातून मोटारी धावू लागण्याआधी दापोलीकडच्या माणसाला मुंबई गाठायची तर हर्णे बंदरावर यावे लागे. आगबोट खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही. किनाऱ्यावरची माणसे होडीतून तिच्यापर्यंत जात आणि ट्रंक, वळकटी, आंब्याफणसांची ओझी एकेक करून वर चढवली जात. जूनमध्ये समुद्र खवळला की बंदर बंद. मग नारळी पौर्णिमा उलटेपर्यंत ज्याने त्याने आपापल्या गावात स्वस्थ बसावे. हर्ण्याच्या दक्षिणेला मुरूड, उत्तरेला खाडीपलीकडे आंजर्ले आणि आंजर्ल्याला लागून मुर्डी. मुरुडचे कर्वे आणि मुर्डीचे परांजपे ही या पट्ट्यातली दोन घराणी, एकमेकांच्या नात्यातली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत या दोन घरांतली माणसे केंब्रिज, पॅरिस, लाइपझिग आणि बर्लिन इथे शिकली आणि परत आली. परदेशात संशोधनाची वाट धरायची आणि गावाशी धागाही तुटू द्यायचा नाही, हा आज घरोघरी बोलला जाणारा विषय त्यांच्या चरित्रांत आधीच येऊन गेला आहे.

बाहेर नोकरी करून गणपतीला आणि शिमग्याला घरी येणाऱ्याला कोकणात चाकरमानी म्हणतात. चाकरमान्याला गावाची ओढ असते यात शंका नाही. पण ओढीवर घर शाकारले जात नाही, त्याला मनीऑर्डर लागते. देवळाच्या उत्सवाची वर्गणी, सामाईक आगराचा शेतसारा, धाकट्या भावाच्या शिक्षणाचा खर्च असा काहीतरी हिशेब चालू असला की नाते चालू राहते, आणि हिशेब थांबला की दोन पिढ्यांत गाव फक्त आडनावापुरते उरते. विद्येसाठी सातासमुद्रापार गेलेल्यांचीही गत यापेक्षा फार वेगळी नाही.

धोंडो केशव कर्वे, म्हणजे पुढचे महर्षी आणि घरच्यांचे अण्णा, यांचे बालपण मुरुडला गेले. परीक्षेला बसण्यासाठी सोबत्यांबरोबर डोंगरजंगलातून सुमारे ११० मैल चालत ते साताऱ्याला पोहोचले आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेला न बसताच त्यांना परतावे लागले. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजातून १८८४ मध्ये गणित घेऊन ते पदवीधर झाले. मुंबईत बस्तान बसू लागताच त्यांनी केलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे मुरूड फंड. गाव सोडून बाहेर मिळवत असलेल्या मुरुडकरांकडून पैसे गोळा करायचे आणि ते गावाच्या उपयोगी लावायचे, अशी ही साधी योजना होती. १८८६ च्या सुमारास, विद्यापीठ तर सोडाच पण विधवांचा आश्रमही अजून डोक्यात नसताना, हा गणिताचा मास्तर गावाच्या फंडाची वही लिहीत होता.

त्याच गावाने पुढे त्यांच्यावर बहिष्कार घातला. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला आणि मुरुडच्या मंडळींनी त्यांना वाळीत टाकले. गावाशी संबंध राखायचा म्हटले तर गावालाही तो हवा असावा लागतो. ही बाजू परदेशस्थांच्या भाषणांत फारशी येत नाही.

कर्व्यांना आईकडून भाऊ लागणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी मुर्डीचा. सुरुवातीचे शिक्षण गावाकडे आणि दापोलीत झाल्यावर कर्व्यांनी त्यांना मुंबईला आपल्या बिऱ्हाडी नेले. कर्वे १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला गेले आणि परांजपेही पुढे फर्ग्युसनचेच विद्यार्थी झाले. हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ती मिळवून १८९६ मध्ये ते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात दाखल झाले. निघण्याआधी त्यांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिला होता: परत येऊन संस्थेचा आजीव सभासद व्हायचे. या सभासदांना वीस वर्षे पाऊणशे रुपयांच्या घरातल्या पगारावर शिकवावे लागे. सरकारी शिक्षणखात्यातल्या बड्या जागेचा पगार याच्या कित्येक पट होता.

१८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत परांजपे आणि जॉर्ज बर्टविसल हे दोघे बरोबरीने पहिले आले. पहिल्या वर्गात येणाऱ्याला तिथे रँग्लर म्हणत आणि पहिल्या क्रमांकाच्या मानकऱ्याला सीनियर रँग्लर. हा मान मिळवणारे परांजपे पहिले भारतीय. मराठी माणसाने ‘रँग्लर’ हा शब्द त्या दिवसापासून जणू दत्तक घेतला. पुढे महाजनी, नारळीकर अशा गणितज्ञांच्या नावामागे तो लागला, आणि अजूनही जुन्या पिढीत हुशार पोराला ‘मोठा रँग्लर लागून गेलास’ असे ऐकावे लागते.

ही परीक्षा काय प्रकारची होती हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट नीट समजत नाही. ट्रायपॉस म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या प्रश्नपत्रिकांची माळ. ठरलेल्या वेळात जास्तीत जास्त गणिते बिनचूक सोडवायची, आणि तीही अशी की ज्यांना उत्तर आहे हे आधीच ठाऊक असते. तिची तयारी करून घेणारे खासगी शिकवणीवाले केंब्रिजमध्ये बक्कळ पैसा मिळवत. स्टोक्स आणि रॅले सीनियर रँग्लर होते. पण मॅक्सवेल आणि केल्व्हिन दुसरे आले होते. परीक्षेतला वेग आणि संशोधनातला दम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी ओरड गॉडफ्रे हार्डीसारख्या गणितज्ञांनी केली आणि १९०९ नंतर क्रमवार यादी लावणेच बंद झाले. तेव्हा १८९९ चा सीनियर रँग्लर संशोधनाच्या उंबरठ्यावर उभा होता, एवढेच म्हणता येते. उंबरठा ओलांडायची तयारी परांजप्यांनी केली होती हेही खरे. ते पॅरिसला आणि ग्योटिंगेनला राहून आले. ग्योटिंगेन त्या काळी गणिताची राजधानी होती. १९०१ मध्ये सेंट जॉन्सची फेलोशिपही मिळाली.

आणि मग ते दिलेल्या शब्दाप्रमाणे परत आले. १९०२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि १९२४ पर्यंत, मधला मुंबई प्रांताच्या शिक्षणमंत्रिपदाचा काळ सोडला तर, तिथेच राहिले. कॉलेज वाढले, विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. स्वतःचे गणित मात्र तिथेच थांबले. त्या काळच्या पुण्यात ना संशोधनाची नियतकालिके वेळेवर येत, ना चर्चेला चार गणितज्ञ जमत, आणि प्राचार्याचा दिवस वसतिगृहाच्या तक्रारींपासून सरकारी अनुदानाच्या पत्रांपर्यंत संपून जाई. पुढे लखनौ आणि पुणे विद्यापीठांचे कुलगुरुपद, ऑस्ट्रेलियातले भारताचे उच्चायुक्तपद असे मान मिळाले. आत्मचरित्राला त्यांनी क्रिकेटच्या भाषेत ‘एटी-फोर, नॉट आउट’ असे नाव दिले. त्यांच्या परतण्याची गोष्ट त्यागकथा म्हणून सांगितली जाते आणि ती खोटी नाही. पण शिक्षकाला फायदा आणि संशोधकाला तोटा, असा दुहेरी हिशेब तिच्यात आहे, आणि तोट्याचा रकाना चरित्रकार सहसा कोरा सोडतात.

याच परांजप्यांच्या पुण्यातल्या घरात, त्यांच्या मुलीच्या, शकुंतलेच्या बरोबरीने एक मुलगी वाढली. इरावती करमरकर. जन्म १९०५ चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यानचा. लग्न होऊन ती महर्षी कर्व्यांची सून झाली. मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली तिने १९२८ मध्ये चित्पावनांवर प्रबंध लिहिला, म्हणजे अभ्यासाची सुरुवात सासरच्याच कोकणस्थ नात्यागोत्यापासून झाली. त्यापुढचे शिक्षण जर्मनीत घ्यावे असे ठरले, पण सासऱ्यांची संमती नव्हती. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढणाऱ्या अण्णांना सुनेचे बर्लिनला जाणे पसंत पडू नये, याचे आज नवल वाटते. घरातले निर्णय जाहीर मतांपेक्षा एक पिढी मागे चालतात, असे फार तर म्हणावे. इरावतींचे पती दिनकर स्वतः जर्मनीतून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन आलेले होते. ते ठाम राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळाले आणि १९२८ च्या नोव्हेंबरात इरावती निघाल्या.

बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेत त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. वंशश्रेष्ठतेच्या ज्या विचारावर नाझींनी पुढे राजकारण उभे केले, त्याला शास्त्राचा मुलामा देणाऱ्यांत फिशर अग्रभागी होते. इरावतींच्या वाट्याला आलेले काम असे: वेगवेगळ्या वंशांच्या म्हणून ठेवलेल्या कवट्या हातात घ्यायच्या, डाव्या आणि उजव्या बाजूची मापे काढायची आणि दोन्ही बाजूंत किती फरक पडतो ते पाहायचे. हा फरक वंशावर अवलंबून असतो असा गुरूंचा कयास होता. उसने पैसे घेऊन आलेली पंचविशीच्या आतली परदेशी विद्यार्थिनी, गुरूच्या हाती पदवी, आणि मापे गुरूच्या विरुद्ध बोलणारी. इरावतींनी मापांचे ऐकले. कवटीचे डावे-उजवे असणे आणि वंश यांचा संबंध दिसत नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला आणि त्यावरच डॉक्टरेट मिळवली.

परत आल्यावर त्यांनी बर्लिनचे शास्त्र जसेच्या तसे पुण्यात मांडले नाही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून त्या गावोगाव हिंडल्या, माणसे मोजली, त्याहून जास्त माणसांशी बोलल्या. नात्यांना कोण काय म्हणते, मुली कुठे देतात, कुठून करतात याच्या नोंदी साचत गेल्या आणि १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ आला. महाभारतावरचे ‘युगान्त’ मात्र मराठीत लिहिले गेले. परदेशी शिकलेली पद्धत आणि इथला विषय यांची सांगड त्यांनी घातली. परांजप्यांना ही सोय नव्हती. नात्यागोत्याच्या अभ्यासाचे सामान इथल्या ओटीवर पडलेले होते. शुद्ध गणिताला ग्योटिंगेनच्या ग्रंथालयाचे आणि तिथल्या चर्चेचे बळ लागत होते. कोणता विषय घेऊन घरी परतता येते, हे परतणाऱ्याच्या इच्छेइतकेच विषयावरही अवलंबून असते.

या घराण्यांतल्या इतरांच्या वाटाही पाहण्याजोग्या आहेत. महर्षींचे थोरले चिरंजीव रघुनाथराव गणित शिकायला पॅरिसला गेले आणि येताना संततिनियमनाचा विचार पक्का करून आले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत त्यासाठी केंद्र काढले आणि १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले. शकुंतला परांजपे केंब्रिजला गणित शिकून, जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेत काम करून परतल्या आणि पुण्यात त्याच संततिनियमनाच्या कामाला लागल्या. पदवी गणिताची, काम भलतेच. परदेशाने दिलेली खरी शिदोरी प्रमाणपत्रावर लिहिलेली असतेच असे नाही.

पुढच्या पिढीत आणखी दोन तऱ्हा दिसतात. त्या हर्ण्याच्या किनाऱ्याबाहेरच्या, पण मराठी आहेत. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, बनारसला वाढले, केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्याबरोबर विश्वरचनाशास्त्रात नाव कमावले आणि १९७२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. परांजप्यांपुढे कॉलेज होते, नारळीकरांपुढे होमी भाभांनी १९४५ मध्ये उभी केलेली संशोधनसंस्था होती. त्यामुळे परतल्यावरही संशोधन चालू राहिले, आणि १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था उभारली. दुसरे श्रीराम अभ्यंकर. १९५५ मध्ये हार्वर्डला ऑस्कर झारिस्की यांच्याकडे डॉक्टरेट, १९६३ पासून पर्ड्यू विद्यापीठात, आणि २०१२ मध्ये मृत्यू होईतो तिथलेच प्राध्यापक. ते कायमचे परतले नाहीत. पण १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान ही गणिताची संस्था स्थापन केली, स्वतः येऊन शिकवत राहिले आणि इथल्या मुलांना बीजभूमितीची वाट दाखवली. परत न येताही घर चालवता येते, याचा हा दाखला. त्यासाठी दोन्हीकडे बिऱ्हाड ठेवण्याची ताकद आणि चिकाटी लागते, आणि ती सगळ्यांना परवडत नाही.

आजचा विद्यार्थी हर्ण्याहून आगबोटीने निघत नाही. तो बारावीनंतर पुणे-मुंबईला जातो आणि विज्ञानात एमएस्सी किंवा अभियांत्रिकी करून परदेशी पीएचडीला अर्ज करतो. अमेरिकेत विज्ञानशाखांत पीएचडीला सहसा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल दरमहा विद्यावेतन मिळते. पाच-सहा वर्षे त्यात जातात. जर्मनीत पुष्कळदा पीएचडी म्हणजे तीन-चार वर्षांची करारावरची नोकरीच असते. त्यानंतर पोस्टडॉक, दोन-दोन तीन-तीन वर्षांचे, कधी एका देशात तर कधी दुसऱ्या. घरच्यांना सगळ्यांत अवघड जाते ते हे समजणे. ‘डॉक्टर झाला, मग अजून पक्की नोकरी कशी नाही?’ या प्रश्नाला मुलाकडे छोटे उत्तर नसते. पस्तिशीपर्यंत हंगामी राहायचे ही या धंद्याची रीतच आहे, आणि नवराबायको दोघेही संशोधक असतील तर एका गावात दोन जागा मिळवण्याचे कोडे वेगळेच.

पैशाची आणि शब्दाची जुनी बंधने नव्या रूपात आहेतच. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी सुरू केलेला निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. कर्ज फिटले की तोच पैसा पुढच्याला. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेलेल्याने परत येऊन दोन वर्षे मायदेशी काढल्याखेरीज त्याला तिथल्या कायम वास्तव्याचा मार्ग सहसा खुला होत नाही. परांजप्यांनी तोंडी दिलेला शब्द इथे व्हिसाच्या कलमात लिहिलेला असतो. परतू पाहणाऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या रामानुजन आणि रामलिंगस्वामी या पाच वर्षांच्या फेलोशिप आहेत. त्या कायम नोकरी देत नाहीत, नोकरी शोधायला सवड देतात. तिथेच राहणाऱ्यांसाठी २०१७ ची ‘वज्र’ आणि २०२३ ची ‘वैभव’ या योजना आहेत: वर्षातून महिना-दोन महिने येऊन भारतीय संस्थेत काम करायचे. अभ्यंकर स्वतःच्या हिमतीवर करत होते, त्याचेच हे सरकारी रूप.

गावाच्या उपयोगी पडण्याचे मार्ग याहून साधे असतात. हर्ण्यापासून जवळ, दापोलीत, १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आंबा, काजू, मासळी यांतल्या कुठल्याही विषयावर बाहेर काम करणाऱ्याला तिथे बोलायला माणूस सापडतो. शाळेत एक भाषण, शाल, श्रीफळ आणि फोटो याने कोणाचे फारसे भले होत नाही. एका मुलीचा अर्ज वाचून, खोडून, पुन्हा लिहायला लावला तर होते.

येण्याजाण्याचे पंचांग मात्र चाकरमान्याच्या पंचांगाशी जुळत नाही. अमेरिकेतले सत्र ऑगस्टअखेर सुरू होते, म्हणजे गणपती चुकले. शिमगा वसंतातल्या सत्राच्या ऐन मध्यात. मे महिन्यात धावपळ करून आले तर हापूसचा शेवटचा माल हाती लागतो. निवांत सुट्टी मिळते ती जून-जुलैत. तेव्हा मासेमारीला बंदी असते, होड्या वाळूवर ओढून शाकारलेल्या असतात, आणि हर्ण्याचा प्रसिद्ध मासळीबाजार सुना पडलेला असतो. वर्षांमागून वर्षे हर्णे फक्त पावसात पाहणारी अशी एक जमातच तयार झाली आहे.

आणि मागे घर असते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले तेव्हा दापोली तालुक्यात नारळी-पोफळी मुळासकट उपटल्या गेल्या, कौले-पत्रे उडाले, वीज आणि फोन कित्येक दिवस बंद राहिले. कोरोनामुळे आंतरराष्ट्रीय विमाने मार्चपासूनच थांबलेली होती. बाहेर असलेल्याला पैसे पाठवता येत होते, पण झाड उचलायला माणूस लागतो. पोफळीचे आगर पुन्हा लावले तर फळ धरायला पाच-सहा वर्षे जातात. लावायचे की नाही, हा निर्णय सामाईक सातबाऱ्यावर नाव असलेल्या सगळ्यांना मिळून घ्यावा लागतो, आणि त्यातली निम्मी नावे बाहेर असतात.

सातबाऱ्याची गोष्ट वेळीच समजून घेतलेली बरी. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाहक्काने मात्र मिळू शकते. म्हणून वडिलांच्या पश्चात वारसनोंद तलाठ्याकडे लवकर करून घ्यावी लागते. ती दहा वर्षे लांबली की एका गुंठ्यावर वीस नावे चढतात. स्वतः येणे जमत नसेल तर भावाच्या किंवा चुलत्याच्या नावे मुखत्यारपत्र करता येते. ते तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून इकडे पाठवायचे आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचे. कोणत्या कामासाठी अधिकार दिला, हे त्यात नेमके लिहावे. ‘सर्व व्यवहार’ असे मोघम लिहिलेल्या कागदाने भाऊबंदकीची प्रकरणे उभी राहतात.

बाकी रोजचा संबंध फोनवर. हर्ण्याच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव रंगतो तेव्हा, संध्याकाळी पाच वाजता, बोस्टनला हिवाळ्यात सकाळचे साडेसहा आणि उन्हाळ्यात साडेसात झालेले असतात. बर्लिनला दुपारचे साडेबारा किंवा दीड. बोस्टनमधल्याला लॅबला निघण्याआधी सुरमईचा भाव विचारण्याएवढा वेळ मिळतो. बर्लिनमधल्याला तो जेवणाच्या सुट्टीत विचारावा लागतो.